मागून सांगू नका
चामराजपेटच्या इस्पितळात मी कॅज्युअल्टीत केसपेपर लिहायला होते, त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. तिथल्या डॉक्टर बाईंचा आवाज मात्र अजून कानात आहे. बाई बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातल्या. म्हातारं माणूस आलं की आधी विचारायच्या, "चष्मा कुठंय ह्यांचा?" तो स्वतः त्यांच्या डोळ्यांवर चढवायच्या, स्टूल ओढून बसायच्या नि म्हणायच्या, "अण्णा, स्वल्प आठवड्याचे वार उलटे म्हणा बघू."

ते चुकले की घरचे म्हणायचे, "वय झालंय हो." बाई उसळायच्या, "परवापर्यंत बरे होते म्हणता. मग वय काय कालच झालं?"

एकदा एक आजोबा शनिवार, शुक्रवार म्हणून अडले आणि पडद्याशीच बोलायला लागले. मागून त्यांच्या बायकोनं हळूच पुरवलं, "गुरुवार हो." बाईंनी तिचा हात धरला. "अक्का, मागून सांगू नका. तुम्ही ह्यांना पास केलंत तर मी घरी पाठवून देईन. आत काहीतरी आजार आहे, तो मला शोधायचाय."

अक्कांनी पदर तोंडावर दाबला. तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं; म्हातारपणी त्यानंही डोकं असं अचानक भरकटतं, बाई म्हणाल्या. बाई रोज वॉर्डात जाऊन तेच वार विचारत राहिल्या.

एका सकाळी मी कागद द्यायला गेले, तेव्हा आजोबा रविवारपासून सोमवारपर्यंत न अडखळता उलटे आले. अक्का अजून पदर दाबूनच उभ्या होत्या.

"सरी, बरोबर," बाई हसल्या. "आता सांगा अक्का, काय सांगायचं ते."

अक्का वाकल्या. "चला घरी," म्हणाल्या.