पदराचं टोक
आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीच्या हॅमस्टरचं पिल्लू शहापूरहून आणलेल्या मोठ्या पिंजऱ्यात हलवणं. मी भाताचं नवं तूस पसरलं, तरी ते कोपऱ्यात थरथरत बसलं. बायको म्हणाली, “अवो, रोज माझ्या मांडीवर खेळतं ते. वळखीचा वास नको का त्याला? तुमाला कायच कळत नाय.” तिनं नेसत्या जुन्या लुगड्याच्या पदराचं टोक फाडून आत टाकलं, तसं पिल्लू त्यात शिरून झोपलं. पहाटे ती उठलीच नाय. तिचे सगळे कपडे लोकांनी रीतीप्रमाणं तिच्यासंगंच स्मशानात नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंजऱ्यातून ते टोक ओढून काढलं आणि नाकाला लावलं. पिल्लू परत थरथरायला लागलं. मी बघत बसलो, पण टोक परत दिलं नाय.