मुरमाची वाट आणि एक तक्रारअर्ज

मी आयुष्यात असंख्य अर्ज लिहिले. परत मागितला तो एकच. तो का मागितला, हे लिहून ठेवणे मला न्यायाचे वाटते, कारण ज्याच्याविरुद्ध तो होता त्या माणसाला लिहिता येत नव्हते.

गोष्ट निजामाच्या अमलातली, महायुद्ध चालू होते तेव्हाची. गंगाखेडच्या अदालतीत वीस वर्षे निकालांच्या नकला उतरवून मी नोकरी सोडली होती आणि तेथून पाच कोसांवर, गोदावरीच्या काठी असलेल्या माझ्या गावी येऊन राहिलो होतो. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. नकला करता करता कायदा माझ्या बोटांत भिनला होता. रस्त्यातला खड्डा, शाळेचे गळके छप्पर, पाटलाने अडवलेला पाणवठा, कशावरही माझा अर्ज तयार असे, आणि अक्षर असे की तहसीलचे कारकून मजकुराआधी अक्षराला दाद देत.

नोकरीतून वाचलेली दुसरी वस्तू म्हणजे सायकल. रोज पहाटे फटफटले की मी ती घेऊन काठाने निघत असे. गावाबाहेर जंगलखात्याने घातलेला मुरमाचा रस्ता होता. डाव्या हाताला गंगा, उजव्या हाताला आधी बाभळी, मग पळस, आणि पलीकडे टेकड्यांवर चढत गेलेला धावडा. हा रस्ता दोन कोसांवरच्या जंगल-चौकीवरून पुढे थेट गंगाखेडास जाई. कडक मुरमावर चाक एकसारखे करकरत जाते. जाड खडी आली की मूठ घट्ट न धरता सैल सोडावी लागते, नाहीतर सायकल आडवी जाते. हे शिकायला मला एक हिवाळा आणि दोन्ही गुडघे खर्ची घालावे लागले. गावाला मात्र त्याचा अर्थ लागत नसे.

"मुन्शीजी, कुनाचं समन घेऊन निघालाव?" पारावरून कोणीतरी विचारी.

"कुणाचेही नाही."

"मंग जायलाव कशाला?"

हवा अंगावर यावी, पाण्यावरचे धुके उजव्या बाजूच्या झाडांत शिरताना दिसावे, एवढ्यासाठी पन्नाशीचा माणूस घाम गाळतो हे सांगणे मला अवघड जाई.

आश्विनात, पूर ओसरू लागला त्या दिवसांत, एका सकाळी चौकीच्या अलीकडे रस्त्यावर बाभळीच्या काट्यांची आडवी रास दिसली. राशीपुढे चौकीदार उभा. हा मूळचा मेंढरे राखणारा, साठीला टेकलेला, अंगावर खात्याचा खाकी कोट आणि डोक्यावर स्वतःचे मुंडासे. आमची ओळख रामराम घालण्यापुरती होती.

"रस्ता बंद हाय, मुन्शीजी. मागं फिरा."

"कोणाच्या हुकमाने?"

"पानी काठ खालून खायलंय. कवा बसंल न्हाई सांगता यायचं."

मी राशीवरून पाहिले. मुरूम सपाट, कोरडा, कोठे भेगही नाही. "सरकारी रस्ता बंद करायचा तर लेखी हुकूम लागतो. दाखवा."

"हुकूम कुठून आनू? साहेब परभनीला, मी हितं."

"मग हा अडथळा बेकायदा आहे."

"आसंल," तो म्हणाला आणि काट्यांपुढे खाली बसला. "पन तुमाला जाऊ द्यायचो न्हाई."

मी मागे फिरलो खरा, पण रागाने माझे कान तापले होते. फिरताना जमिनीवर गाड्यांच्या चाकोऱ्या दिसल्या, जंगलातून निघून थेट त्या राशीपर्यंत आलेल्या. मला तेवढे पुरे झाले. घरी जाऊन मी जिल्ह्याच्या जंगल-मोहतमिमांच्या नावे, म्हणजे खात्याच्या प्रमुखांच्या नावे, दोन पानी उर्दू अर्ज लिहिला: चौकीदार रस्ता अडवून लोकांना दूर ठेवतो आणि त्या आडोशाने सरकारी लाकूड चार गाड्यांनी बाहेर काढतो. 'संशय' हा शब्द मी एकदाही वापरला नाही. सगळीकडे 'पाहिले' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ज गावच्या टपालपेटीत टाकला आणि अनेक दिवसांनी जेवण गोड लागले.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम त्याच वाटेने गेलो. अडथळा अजून असेल तर पुरवणी अर्ज लिहायचा होता. काट्यांची रास होती. तिच्यापुढचा रस्ता मात्र नव्हता. पंचवीस-तीस हात मुरूम, कडेची मोठी बाभूळ आणि मैलाचा दगड रात्रीतून गंगेत गेले होते. बाभळीचा शेंडा पाण्यात हेलकावत होता. रोज मी सायकल दगडाला टेकवून ज्या जागी दम खात असे, तेथे आता गढूळ पाण्याचा भोवरा फिरत होता.

आपण वाचलो हे मनात येण्यापूर्वी अर्ज आठवला. वीस वर्षे मी अशाच प्रकरणांच्या नकला उतरवल्या होत्या. लाकडाच्या चोरीचा लेखी आरोप, खाली जाणत्या माणसाची सही, आणि आरोपी अंगठा उठवणारा चौकीदार: अशा माणसाला आधी बडतर्फ करतात, चौकशी त्यानंतर. माझ्या अर्जात एकही फट नव्हती. ती मीच राहू दिली नव्हती.

गावचा हरकारा टपालाची पिशवी घेऊन तांबडे फुटतानाच निघाला असणार. दुपारच्या आगगाडीने ती गंगाखेडाहून परभणीला जाई. हरकारा गाडीवाटेने पायी जात असे. मला ती वाट बंद होती, कारण ओल्या काळ्या मातीत सायकलचे चाक दहा पावलांत गच्च होते. मुरमाचाच रस्ता हवा होता, आणि तो पुढे तुटलेला.

"आता आलं का ध्यानात?" चौकीदार झाडीतून बाहेर येत म्हणाला. आवाजात कुत्सितपणा नव्हता, म्हणून ते अधिकच लागले.

"मला गंगाखेड गाठायचे आहे. दुपारच्या गाडीच्या आत."

"का, कुनी बिमार हाय?"

"टपाल आहे. महत्त्वाचे."

त्याने सायकल उचलून खांद्यावर टाकली आणि तो जंगलात शिरला. पळसाच्या दाटीतून, गुडघाभर गवतातून, एका ओढ्याच्या कमरेइतक्या पाण्यातून तो पुढे आणि मी मागे. मी दोनदा सायकल मागितली. "तुमी सोता या की आदी," तो म्हणाला, "तिचं मी बघतो." तुटीच्या पलीकडे, मुरूम पुन्हा सुरू होतो तेथे, त्याने ती उभी केली आणि कोटाच्या बाहीने बैठक पुसली. त्याच्याविरुद्धचा अर्ज थांबवायला तोच मला वाट काढून देत होता, आणि मी सायकलवर टांग टाकली.

पुढचे तीन कोस मी जसे काटले तसे पुन्हा कधी काटले नाहीत. पुराने वरची बारीक माती धुऊन नेली होती. उरली होती ती नुसती खडी. मूठ सैल सोडण्याचे भान राहिले नाही. प्रत्येक दगड मनगटातून खांद्यात चढत होता. एका बाजूने नदी लखलखत होती, दुसऱ्या बाजूने झाडी मागे पळत होती. त्या दिवशी मी दोन्हींकडे पाहिले नाही.

टपालघरात पोहोचलो तेव्हा हरकाऱ्याची पिशवी रिकामी करून झाली होती आणि परभणीची पिशवी शिवायला घेतली होती. पोस्टमास्तर नवे होते, बदलून आलेले, पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ. मी धापा टाकत मागणी सांगितली.

"पेटीत पडलेले पत्र पाठवणाऱ्याचे राहत नाही, जनाब."

"ठाऊक आहे. परंतु पिशवी रवाना होण्यापूर्वी पाठवणारा लेखी अर्जाने ते परत मागू शकतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "बरोबर. मात्र ते तुमचेच हे सिद्ध व्हायला हवे. पाकिटावरचा पत्ता याच अक्षरात येथे लिहून द्या." त्यांनी कागद आणि दौत पुढे सरकवली.

मी टाक उचलला आणि तो हातातून पडला. पुन्हा उचलला. बोटे माझी नव्हती. तीन कोसांची खडी अजून त्यांच्यात थरथरत होती. कागदावर जे उमटले ते शाळेत न गेलेल्या माणसाला शोभणारे होते. पोस्टमास्तरांनी पाकीट आणि कागद शेजारी धरले.

"हे अक्षर खुशनवीसाचे आहे," ते पाकिटावरच्या वळणदार अक्षराकडे पाहत म्हणाले, "आणि हे... माफ करा, मी पत्र देऊ शकत नाही."

मी भडकलो. मी कोण, किती वर्षे अदालतीत, सगळे ऐकवले. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीचे पहिले वाक्यही डोक्यात तयार झाले. ते वाक्य इतके सुबक होते की मीच दचकून थांबलो. ते गृहस्थ नेमके तेच करत होते जे मी त्यांच्या जागी केले असते.

"सायकलवर आलात?" त्यांनी विचारले.

"मुरमावरून."

"मग असे म्हणा ना." त्यांनी कोपऱ्यातला पाण्याचा रांजण दाखवला. "हात बुडवून बसा. गाडीला अजून अवकाश आहे. पिशवी मी सर्वांत शेवटी शिवतो."

कोपरापर्यंत दोन्ही हात गार पाण्यात घालून मी बसून राहिलो. हळूहळू एकेक बोट परत आले. मी हात पुसले, बसकण मारली, कागद मांडीवर घेतला आणि मोहतमिमांचा पत्ता लिहिला. शेवटचा फराटा थोडा हलला. पोस्टमास्तरांनी बराच वेळ दोन्ही कागद उजेडात धरले, मग पाकीट माझ्या हातावर ठेवले.

"एवढ्या घाईने परत नेताय, तर नक्कीच चांगले लिहिलेले असणार," ते म्हणाले.

बाहेर येऊन मी कडुलिंबाखाली बसलो. आणि मी, दिवसा कधी न झोपणारा माणूस, भर बाजारात सायकलला टेकून गाढ झोपलो.

उन्हे उतरताना परतलो तर चौकीदार तुटीपाशी माझी वाट पाहत होता.

"गावलं टपाल?"

"गावले. तुमच्याविरुद्धची तक्रार होती. मीच लिहिलेली."

त्याने गंगेकडे पाहिले, मग माझ्याकडे. "वाचून तर दावा. माज्यावर आजवर कुनी काय लिवलं न्हाई."

मी वाचली, उर्दूचे मराठी करत, एक शब्दही न गाळता. 'सराईत' या शब्दाला तो हसला. गाड्यांपाशी मात्र त्याने मला हात करून थांबवले.

"चार गाड्या न्हाईत, मुन्शीजी. दोनच व्हत्या. आन् काट्याच व्हत्या त्यांच्यात, लाकूड न्हवतं."

मी खिशातून पेन्सिल काढली, चार खोडून दोन केले, लाकूड खोडून काटे लिहिले, आणि मग दोन्ही पाने फाडून गंगेत सोडली.

"आता सायकल इकडं द्या," तो म्हणाला. "वड्याला पानी चढलंय."