पाटीसकट मलकापूरकर

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, माणसाच्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना आडनाव लागायचं. गॅसची टाकी आणणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून टाकी अजून उतरलेली नसायची, तोवर यांचं सुरू, "आडनाव काय म्हणायचं, पावणं?" आडनाव कळलं की गाव, गाव कळलं की तिथून मलकापूर किती लांब, आणि मलकापूरला कधी गेलता का? एकदा विमा विकणाऱ्या कुणा मुलीचा फोन आला. ती बिचारी पुण्यात बसून बोलत होती. मामांनी तिचं, तिच्या आईच्या माहेरचं आणि तिच्या साहेबाचं अशी तीन आडनावं काढून घेतली. विमा काही घेतला नाही. शेवटी तिनंच कंटाळून फोन ठेवला.

आमचं आडनाव मलकापूरकर. रत्नागिरी रस्त्यावरच्या, शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरहून आमचे पूर्वज कोल्हापुरात आले आणि लक्ष्मीपुरीत दोरखंडाचं दुकान टाकलं, अशी घरातली समजूत. मामांनी जन्मभर तिथं कासरे, दावी आणि सुतळी विकली. राहतं घर मात्र मोठ्या सरकारी दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर, आणि माझ्या संसाराचं वाटोळं झालं ते या दहा मिनिटांनी.

मला बघायला आले तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं. माझं माहेर हातकणंगल्याचं. मुलगी शिकली किती, स्वयंपाक येतो का, काही नाही. मामांनी पोह्यांची बशी हातात धरून माझ्या वडिलांना विचारलं, "तुमच्या गावात मलकापूरकरांची घरं किती हाईत?" वडील म्हणाले, एकही नाही. "असं कसं? तुम्ही नीट हुडकलं न्हाईसा." आईला वाटलं, हे स्थळ गेलं हातचं. मी दाराआडून हसले. तिथंच चुकलं माझं.

रोज संध्याकाळी मामा "जरा फिरून येतो" म्हणून बाहेर पडायचे. फिरणं कसलं डोंबलाचं! सरळ एस.टी. स्टँड गाठायचं आणि मलकापूरहून आलेल्या गाडीच्या दारात उभं राहायचं. उतरणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट दिसलं की झालंच. "दवाखान्यात आलासा व्हय? राहणार कुठं? आपलं घर हाय की!" मग गल्लीच्या तोंडापासूनच हाक यायची, "सूनबाई, चार माणसं वाढली गं! आपल्या गावची हाईत!" कुणाचा मुतखडा, कुणाची सून बाळंतपणाला आलेली, कुणाचं नुसतंच रक्त तपासायचं. हॉलभर सतरंज्या. जाताना ही माणसं प्रेमानं नाचणी द्यायची, फणस द्यायची. एका आठवड्यात तीन फणस आले. मी शाळेत शिकवते. त्या आठवड्यात माझ्या हाताला चिकासकट खडू चिकटत होता.

मी आदळआपट केली की मामा शांतपणे म्हणायचे, "गावचं माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलं, तर हे आडनाव लावायचं कुठल्या तोंडानं?" मी भांडी जोरात घासायची.

पेशंटांवरच भागलं असतं तरी चाललं असतं. एका रविवारी मामा इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आले. बाजारात ओळख झाली, आडनाव मलकापूरकर निघालं, मग काय विचारता! ते गृहस्थ संकोचून म्हणाले, "अहो, आम्ही जैन. आपलं नातं कसं असेल?" मामा म्हणाले, "गाव एक हाय की! नात्याला आणि काय लागतंय?" इकडे माझ्या शेगडीवर मटणाचा रस्सा रटरटत होता. मी ते पातेलं तसंच्या तसं उचलून मागच्या दारानं शेजारणीकडे पोचवलं, ओटा धुतला, आणि कांदा-लसूण न घालता वरणभात-भाजी केली. ते गृहस्थ फार सज्जन होते, पोटभर जेवले. रस्सा शेजारणीच्या घरात संपला.

वर्षातून एकदा मामा मलकापूरला जाऊन यायचे. तिथं आमचं घर नाही, शेत नाही, भाऊबंद नाहीत. गावातल्या जुन्या म्हाताऱ्यांनाही आमच्यातलं कुणी आठवत नव्हतं. पण मामांनी त्यावरही तोड काढली होती. बाजारपेठेच्या मागं एक रिकामी जागा आहे, नुसतं गवत वाढलेलं. "आपलं घर हितंच असणार. पडलं असंल." मला एकदा मुद्दाम नेऊन दाखवलं. तिथं ते चपला काढून उभे राहिले होते. मला हसावं की रडावं कळेना.

आणि मग आमच्या लेकीच्या, श्रुतीच्या, जातीच्या दाखल्याचं निघालं. पुढच्या शिक्षणासाठी दाखला हवा, दाखल्यासाठी पणजोबा-खापरपणजोबांचे कागद हवेत. आमच्या ह्यांनी दोन महिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी एक मोडीतलं खरेदीखत मिळालं आणि ते वाचून बाळबोधीत उतरवून देणाराही मिळाला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की गडमुडशिंगीच्या एका पाटलांनी लक्ष्मीपुरीतलं दोरखंडाचं दुकान मलकापूरकर नावाच्या माणसाकडून विकत घेतलं, तराजू, दोन कपाटं आणि दारावरच्या पाटीसकट. नाव जुळलं, ते पाटील म्हणजे मामांचे आजोबा. गिऱ्हाईक मोडू नये म्हणून त्यांनी पाटी उतरवली नाही. लोक त्यांनाच मलकापूरकर म्हणू लागले, पोराला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी तेच लिहिलं. बास! आम्ही मूळचे कोल्हापूरला खेटून असलेल्या मुडशिंगीचे. मलकापूरशी आमचा काडीचा संबंध नाही.

"बाबांना सांगू नकोस," हे म्हणाले. मीही म्हटलं, कशाला सांगायचं. पण खरं सांगते, तो कागद बघून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर ते हे, की आता हॉल रिकामा होईल.

आठ दिवस मी तोंड आवरलं. नवव्या दिवशी, श्रुतीची बारावीची परीक्षा उद्यावर आलेली, ती हॉलमध्ये अभ्यासाला बसलेली, आणि मामा पाच जणांना घेऊन दारात. माझा तोल गेला. स्वयंपाकघरातून ओरडले, "मामा, मलकापूर तुमचं न्हाईच! तुमच्या आज्यानं दुकान घेतलं पाटीसकट! तुम्ही मुडशिंगीचे पाटील हाईसा!"

मामांनी ह्यांच्याकडून कागद मागून घेतला, दोनदा वाचून घेतला. "पाटीसकट?" एवढंच विचारलं. मग पाहुण्यांना स्वतःच्या हातानं वाढलं, सतरंज्या घातल्या. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं स्टँडवर जाणं बंद. एकदा ह्यांच्याबरोबर मुडशिंगीला जाऊन आले. तिथं कुणीतरी विचारलं, "कुठल्या पाटलांतले तुम्ही?" मामांना सांगता येईना. घरी आल्यावर मला म्हणाले, "चांगलं गाव हाय. पण तिथं पाटील म्हटल्यावर कुणी मान वर करून बघत न्हाई." आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. कुणाला आडनाव विचारणंही सुटलं. चार महिने आमच्याकडे एक पाहुणा नाही, फणस नाही, हाक नाही. वीस वर्षं मी ज्यासाठी देव पाण्यात घातले होते ते सगळं मिळालं, आणि मला ते घर खायला उठलं.

एके दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर दारात एक बाई उभी. डोक्यावर पदर, हातात औषधांची पिशवी, मागं पायरीवर तिचा नवरा धापा टाकत बसलेला. मलकापूरच्या पलीकडच्या वाडीची माणसं. गावात कुणीतरी पत्ता दिलेला. आणि उंबऱ्यात आडवे उभे राहून मामा तिला सांगत होते, "बाई, घर चुकलं तुमचं. हितं मलकापूरकर न्हाईत. पाटील राहत्यात."

ती बाई बावरून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! म्हटलं, "मामा, मी कुठली?"

"म्हंजे?"

"मी हातकणंगल्याची. मलकापुरात माझं कोण होतं? लग्नात तुम्ही आडनाव दिलंसा, मी घेतलं. त्या दिवसापासनं तुम्ही आणलेल्या प्रत्येक माणसाला आपल्या गावचं म्हणून वाढलं. रडत वाढलं, बडबडत वाढलं, पण वाढलं. माझं आडनाव खरं, आणि जन्मल्यापासनं तुम्ही लावताय ते खोटं व्हय? सरका बघू! माणूस धापा टाकतोय पायरीवर."

मामा बाजूला झाले, त्या माणसाला बगलेत हात घालून उठवला आणि कॉटवर आपल्या जागी निजवला. "सूनबाई, च्या टाक," म्हणाले. मी टाकला. शेगडीपाशी उभी राहून रडले आणि वर साखरही जास्त घातली.

त्यानंतर मामा दोन वर्षं जगले आणि त्यांनी मला चार महिन्यांची सगळी भरपाई करून दिली. माणसं पुन्हा सतरंज्या भरून यायला लागली, मी पुन्हा ओरडायला लागले. यंदाच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले.

पेपरात बातमी द्यायची होती. हे फोनवर सांगत होते आणि पलीकडच्या माणसानं मूळ गाव विचारलं. हे अडखळले. खरं काय ते कागदावर होतंच, आणि आमचे हे कागदाबाहेर कधी जात नाहीत. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. म्हटलं, "लिहा, मूळ गाव मलकापूर, तालुका शाहूवाडी. आणि नीट लिहा हं! चुकलं तर तिथली माणसं जाब विचारायला इथंच येतील, आणि स्वयंपाक मलाच करायचाय."