चिंचेने घासलेली गाडीची पट्टी

मैत्रिणींनो, आज सकाळी सूनबाई गाडीच्या दारांच्या पट्ट्या घरीच बदलत होती. स्क्रूड्रायव्हर निसटला आणि रंगावर ओरखडा उठला. "आई, आता काय हो करायचं?" ती पांढरीफटक पडली.

मला ब्याऐंशी साल आठवलं. सासऱ्यांच्या गाडीची क्रोमची पट्टी मी पितळेसारखी चिंच-मीठ लावून घासली होती. ती पार काळवंडली. सासरे सातपूरच्या कारखान्यातून यायच्या आत मी ह्यांच्याबरोबर घाईघाईने नवी पट्टी बसवत होते. तेवढ्यात फाटक वाजलं.

जुनी पट्टी बघून सासरे गरजले, "देवाची समई आहे का ही?"

तेवढंच बोलले. पण त्या धाकाने मी गाडीला पुन्हा हातच लावला नाही, चालवायलाही कधी शिकले नाही.

सुनेला म्हटलं, "उरलेल्या पट्ट्याही तूच लाव."

कुणाच्या धाकाने तुमचं काय राहून गेलं?