थांबामधला काना

सासूबाईंचं बोट मोबाईलवर अधांतरी होतं. साड्यांच्या एका दुकानाचे मेसेज त्यांना रोज येत आणि खाली लिहिलेलं असे, 'मेसेज नको असल्यास थांब लिहा.' त्यांनी 'थांब' लिहिलं, क्षणभर पाहिलं आणि पुढे काना जोडला. "अगं, परक्या माणसाला थांब कसं म्हणायचं?"

यंत्राला तो काना कळला नाही. मेसेज येतच राहिले, आणि त्या न चिडता रोज 'थांबा' लिहीत राहिल्या. संताप मला आला. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी जिलबी पडतेच, तसंच हे. अदबीनं म्हटलेलं 'नको' आपल्याकडे कुणी खरं मानतच नाही. मग काय, ओरडायचं?

मी दुकानात फोन लावला. "पण मॅडम, त्यांनी 'थांब' लिहिलंच नाही ना!" मालक म्हणाले. तेव्हा ते ज्या कंपनीच्या सेवेतून मेसेज पाठवत, तिचेच नियम मी शोधून त्यांना वाचून दाखवले. ग्राहकानं कुठल्याही शब्दांत नको म्हटलं, तरी त्याला पुन्हा मेसेज पाठवायचा नाही. नाहीतर दुकानाची सेवा बंद. त्या रुक्ष कलमांत कुणीतरी आमच्या सासूबाईंसाठी जागा राखून ठेवली होती!

सासूबाईंना येणारे मेसेज बंद झाले. परवा त्याच दुकानाचा मेसेज माझ्या फोनवर आला. खाली लिहिलं होतं, 'नको असल्यास थांबा लिहा.' मी धावत जाऊन सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा सावरला, त्या कान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आलं बाई एकदाचं माणसात!"