अजून एक वर्ष चालेल

हेल्मेट डाव्या हातात धरायचं, उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक करायचं आणि कान जवळ न्यायचा. आपण कलिंगड घेताना करतो ना, अगदी तसं. मग मान हलवायची आणि म्हणायचं, "अजून एक वर्ष चालेल."

जपानमध्ये, कोबेतल्या एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल क्लबचं सामान सांभाळणारे हे गृहस्थ. वय सत्तरीला टेकलेलं. मी त्याच क्लबच्या ऑफिसात अर्धवेळ कामाला. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि पुण्यात बँकेत काढलेली आठ वर्षं क्लबचं बजेट करायच्या कामी आली. फुटबॉल पायाने खेळतात एवढंच मला माहीत. इथे तर सगळे चेंडू काखोटीला मारून पळतात आणि एकमेकांना धडका देतात!

असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. ऑफिसातली किटली गळायला लागली, तर खाली वाटी ठेवून "अजून एक वर्ष चालेल." स्वतःच्या बुटांना चिकटपट्टी. मी एकदा म्हटलं, "अहो, नवे घ्या की!" तर बूट उलटा करून तळ दाखवला. "गोरे-सान, ह्याच्यात अजून जीव आहे." (गोरे मी, आणि सान म्हणजे आपलं 'बाई'.) बरं, चिक्कू म्हणावं, तर मी तापाने आठवडाभर घरी होते तेव्हा दारात गरम उदोनचा, म्हणजे जाड शेवयांच्या सुपाचा, डबा ठेवून गेलेला हाच माणूस.

एका वर्षी क्लबच्या माजी खेळाडूंच्या मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. देणग्या, तिकिटं, टॉवेल आणि टीशर्टांची विक्री, ह्यावर क्लब चालायचा. अध्यक्षांनी फर्मान काढलं: अमेरिकेहून प्रशिक्षक आणायचा, वरच्या गटात जायचंच, आणि वर्षअखेरीला नफाही दिसला पाहिजे. हे सगळं एका कागदावर बसवायचं कोणी? तर मी. माझा करार मार्चमध्ये संपत होता, त्यामुळे अंगात भलताच उत्साह.

सामानाच्या यादीत आमच्या सामानवाल्या गृहस्थांनी तीस नवी हेल्मेटं मागितली होती. मी त्यांना न विचारता ती ओळ उडवली. जो माणूस किटलीपासून बुटांपर्यंत सगळ्याला अजून एक वर्ष देतो, तो हेल्मेटांनाही देईलच की! प्रशिक्षक बजेटात बसला, नफाही दिसला. मी स्वतःवर बेहद्द खूश.

सभेत कागद वाटले गेले. एरवी हे गृहस्थ सभेत चकार शब्द काढत नसत. त्या दिवशी कागद वाचून उठले, बाहेर गेले आणि एक हेल्मेट घेऊन आले. ते अध्यक्षांच्या हातात देऊन म्हणाले, "आत अंगठा दाबून बघा." गादी पार बसलेली. अध्यक्षांचा अंगठा थेट कवचाला टेकला.

"किटली गळली तर पाणी सांडतं," ते म्हणाले. "ह्यात पोरांची डोकी असतात."

"मग हे यादीत का नव्हतं?" अध्यक्ष चिडले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सामानवाले गृहस्थच कमरेत वाकले. "लिहायला विसरलो. माफ करा."

विसरले कसले! त्यांच्या हातची यादी माझ्या खणात होती. बाहेर आल्यावर मला रडूच फुटलं. "तुम्ही का खोटं बोललात?" म्हटलं, तर म्हणाले, "तुमचा नवा करार व्हायचाय. पण पुढच्या वेळी मला विचारा. रोज विचारलंत तरी चालेल."

हेल्मेटं आली, प्रशिक्षक आला नाही. डिसेंबरात वरच्या गटात जायचा सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. त्याच सामन्यात आमचा एक मुलगा डोक्यावर असा आपटला की सगळे उभे राहिले. मी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा तो उठून बसला होता आणि डॉक्टरांना स्वतःचं नाव सांगत होता. त्याच्या डोक्यावर नव्या तिसांतलं हेल्मेट होतं. आणि ती ओळ मी खोडली होती. त्या माणसाचे उपकार मी कुठे फेडू?

प्रशिक्षकाचे पैसे हेल्मेटांत गेले, म्हणून हरल्याचं खापर सामानवाल्यांवर फुटलं. मी अध्यक्षांना गाठून खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "तरी वयही झालंय त्यांचं." मार्चमध्ये माझा नवा करार झाला, त्यांचा झाला नाही.

आता बजेटला बसायच्या आधी मी सामानाच्या खोलीत जाऊन प्रत्येक हेल्मेटात अंगठा दाबते. हेल्मेटांची ओळ सगळ्यात आधी लिहिते. नफा दिसो न दिसो. किटली मात्र तीच आहे, वाटीसकट.

त्यांच्या शेवटच्या दिवशी ते किल्ल्या द्यायला आले, तेव्हा मी म्हटलं, "तुमचं अजून एक वर्ष सहज चाललं असतं हो."

त्यांनी स्वतःच्या टकलावर बोटाने टकटक केली, कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि मान हलवली.

"नाही, गोरे-सान. आतली गादी बसली."

मग टोपी घातली, वाकून नमस्कार केला आणि चिकटपट्टी लावलेल्या बुटांनी उतार उतरून स्टेशनकडे निघून गेले.