फळीतून उगवलेले पाय

"या बायांना पायच न्हाईत की!" असं म्हणत बिराजदार सरांनी खिशातलं काळं पेन काढलं आणि रेणुकाच्या चित्रात पाय काढायला घेतले. मी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला होते. "सर, थांबा!" म्हणत पोचेपर्यंत दोन बायांना पाय फुटले होते.

मी नांदेडच्या एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवते. तेव्हा आमच्याकडे एलिमेंटरीचा सराव चालू होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या चित्रकलेच्या परीक्षा. एलिमेंटरी झाली की इंटरमिजिएट, आणि तिच्यातल्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यात एक पेपर स्मरणचित्राचा असतो. स्मरणचित्र म्हणजे आपण पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा. नावातच सगळं आलं. पण गुणांचा वास लागला की आपल्याकडे आठवणीचासुद्धा क्लास निघतो.

बिराजदार सरांचा लातूरला असाच जोरात चालणारा क्लास. रिझल्ट वाढवायचा म्हणून आमच्या हेडसरांनी त्यांना शनिवारी शाळेत बोलावायला सुरुवात केली. त्यांची पद्धत सोपी. मध्ये फुगेवाला, डावीकडे झाड, उजवीकडे आईचं बोट धरलेलं मूल. विषय बाजाराचा आला, फुगेवाला. बसस्टँडचा आला, फुगेवाला. शेतातली कामं आली तरी बांधावर फुगेवाला. पोरांनी तो पाढ्यासारखा पाठ केला होता.

रेणुका सातवीत होती. मूळची माहूरची. गडाच्या पायथ्याशी तिच्या आईवडिलांचं बांगड्यांचं दुकान. शाळेसाठी ती नांदेडला मामाकडे राहायची, सुट्टी लागली की दुकानात बसायची. त्या दिवशी विषय दिला होता, जत्रेतलं दुकान. सगळ्या वर्गाने दुकान रस्त्यावरून पाहिलं. रेणुकाने आतून पाहिलं. समोर दोरीला अडकवलेल्या बांगड्या, त्यांच्या मधून दिसणारे बायांचे चेहरे, फळीवर टेकलेली कोपरं. एक बाई बोटं जुळवून हात पुढे करते आहे, बांगडी चढत नाही म्हणून ओठ दाबून धरले आहेत. फळीखालचं काही दिसतच नव्हतं. दुकानात बसलेल्या माणसाला गिऱ्हाइकाचे पाय दिसतात का?

"फिगर पूर्ण पाहिजे, मॅडम," बिराजदार सर म्हणाले. "अर्ध्या फिगरला मार्क न्हाईत."

"सर, ती फळीच्या आत बसलीय. पाय फळीमागं आहेत."

"तपासणाऱ्याला एवढा टाइम कुठंय?"

रेणुका फळीतून उगवलेल्या त्या पायांकडे बघत राहिली. मग तिने कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला फुगेवाला काढायला घेतला.

मी तडक हेडसरांकडे गेले. "मुलांच्या चित्रावर कुणी हात चालवायचा नाही, एवढं तरी सांगा."

"तुम्ही उगंच मनाला लावून घेऊन राहिलात," हेडसर म्हणाले. "पायच काढले ना? काही बिघडवलं तर न्हाई?"

मी कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं माझं डोकं दुखतंय. शिपायाला चहा सांगितला.

माझी समजूत घालायला त्यांनी एक चर्चासत्र ठेवलं. 'बालशिक्षणात चित्रकलेचे महत्त्व'. स्टेजवर बॅनर, हार, माईक. बॅनरवर इंटरनेटवरून घेतलेलं बर्फाच्या डोंगरांचं चित्र. आमच्या मुलांचं एकही नाही. प्रत्येक वक्त्याने सर्वांगीण विकास केला. मुलं खाली सतरंजीवर बसून पेंगत होती.

पाहुणे म्हणून सोनकांबळे सर आले होते. लातूरकडचे चित्रकार, माझ्या जुन्या ओळखीतले. त्यांनी भाषण केलं नाही. सरावाची चित्रं मागवली आणि स्टेजवर अंथरली. मग हेडसरांना म्हणाले, "सर, नाव न बघता यातलं कोणतं कुणाचं, ते सांगा बरं."

हेडसर वाकले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. सगळीकडून फुगेवाला त्यांच्याकडे बघत होता. मला वाटलं, आता पडला उजेड.

"वा!" हेडसर सरळ होत म्हणाले. "सगळ्यांचं एकसारखं. याला म्हणायचं शिस्त!"

टाळ्या पडल्या. सोनकांबळे सरांनी चष्मा काढून पुसला. खाली उतरताना मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुमची नोकरी लई अवघड हाय."

पण जेवताना त्यांनी हेडसरांना एका गोष्टीवर पकडलं. "उद्या कुणी तुमच्या सहीत दोन अक्षरं वाढवली तर चालतील का?" सहीचा विषय निघाल्यावर हेडसर दचकले. त्यांनी बिराजदार सरांना सांगितलं, सुधारणा तोंडी सांगा, पेन खिशात ठेवा. माझ्या सगळ्या आदळआपटीतून पदरात पडलं ते एवढंच.

परीक्षा झाली. रिझल्ट लागला. रेणुकाला ए ग्रेड. परिपाठाला तिचा सत्कार झाला, बिराजदार सरांनी फोटो काढून घेतला. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "काय काढलंस गं?"

"फुगेवाला."

"दुकान नाही काढलंस? तुला तर किती छान येतं."

तिने सर्टिफिकेटची घडी केली. "दुकान काढलं की सगळे विचारतात, मॅडम. हे असंच का, ते तसंच का. फुगेवाला काढला की कुणी काहीच विचारत न्हाई."

तिचं गणित बरोबर होतं.

आता रेणुका इंटरमिजिएटला बसणार आहे. बिराजदार सर शनिवारी येतात. मी हेडसरांशी भांडून शुक्रवारचा शेवटचा तास मागून घेतला. त्या तासाला विषय नाही, ग्रेड नाही. पहिले काही शुक्रवार रेणुका कोरा कागद समोर घेऊन नुसती बसली. मी काही बोलले नाही. मागच्या शुक्रवारी तिने मामीचा स्वयंपाकाचा ओटा काढला, छतावरून बघितल्यासारखा. का, ते मी विचारलं नाही.

चित्रकलेचं महत्त्व पटवायला बॅनर, हार आणि माईक लागतो. मुलाला चित्र काढू द्यायला मोठ्या माणसाने हात मागे बांधून गप्प उभं राहावं लागतं. आमच्या शाळेत माईकची सोय लगेच होते.